गव्हाण अजून गोठ्यातच आहे

दानेल,

उद्या नाताळ. गव्हाण अजून माझ्या गोठ्यातच आहे आणि तिच्यात माझा लाल बैल निवांत कडबा खातो आहे.

सकाळी एस्तरवहिनी आल्या होत्या. तुला मातीत ठेवून अजून महिनाही झाला नाही. पदर खोचलेला, हातात खराटा. प्रार्थनाघर झाडून सरळ इकडेच आल्या होत्या. ओट्यावर बस म्हटलं तर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, गव्हाण पायजे होती."

मी म्हणालो, "मागच्या साली खोक्यात भागलं ना तुमचं?"

"भागलं."

"मंग?"

"मंग काई नाई. मागून राह्यली."

बस्स. कारण नाही, विनवणी नाही, तुझं नावसुद्धा नाही. मी जन्मभर घासाघीस केलेला माणूस. कोणी काही मागितलं की मी आधी त्याचं कारण शोधतो, कारण कारणाला कुठेतरी फट असते आणि फटीत बोट घालता येतं. तुझ्या बायकोनं फटच ठेवली नाही. मागितलं आणि उभ्या राहिल्या. मी "पाह्यतो" म्हणालो. त्या गेल्या.

शेवंतानं चुलीपासून सगळं ऐकलं होतं. "पाह्यतो म्हणजे काय पाह्यता? गव्हाण का आजच नवी आली घरात?" एवढंच बोलली आणि भाकर थापायला लागली. तीस वर्षांच्या संसारात तिला माझ्याशी कधी बोलायचं आणि कधी भाकर थापायची हे कळून चुकलं आहे.

म्हणून हे लिहायला बसलो. उद्या सकाळपर्यंत मला ठरवायचं आहे, आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय मी आजवर एकही गोष्ट नीट ठरवलेली नाही. डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर तुझ्या वाकलेल्या खिळ्यांसारखं येतं आहे. हसू नकोस.

*

तुझी पहिली गोष्ट मला आठवते ती शिवीसारखी लागलेली. मी विशीतला. बापाकडे कधी बैल नव्हता, तो जन्मभर दुसऱ्याच्या बैलामागे चालला. मी जाम गावच्या चौकात ट्रकांवर हमाली करून पहिला बैल घेतला आणि शुक्रवारच्या बाजारात विकायला नेला. बाजाराच्या तोंडाशी तो लंगडायला लागला. गिऱ्हाइकं पाहत होती. मी चिडून त्याला काठीनं झोडपायला लागलो. चिंचेखाली एक काळासावळा, हडकुळा पोरगा पोत्यावर हातोडी आणि खिळे मांडून बसला होता. तो जागेवरूनच म्हणाला, "मारून चालला असता तर मी कायले इथं बसलो असतो बे?"

लोक हसले. मी तुझ्या अंगावर धावून आलो. तू उठलाही नाहीस. "आधी बैल आण," म्हणालास, "मंग मले मार."

बैलाच्या खुराला पत्री, म्हणजे नाल, मारायची तर त्याला आधी पाडावं लागतं. दोरानं पाय गुंतवायचे, एका बाजूनं ओढायचं आणि एवढं मोठं जनावर धप्पकन आडवं करायचं. बाकीचे नालबंद मानेवर गुडघा देऊन बसत, शेपटी पिरगाळत, दोन माणसांकडून दाबून धरत. तू माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतलास, बैलाच्या डोळ्यावर टाकलास आणि त्याच्या कानाशी बसलास. काहीतरी पुटपुटत राहिलास. बैलाच्या पोटाची धाप कमी झाली, पाय सैल पडले, मग तू खूर तासायला घेतलास. मी विचारलं, "काय मंत्र म्हणतो?" तू म्हणालास, "मंत्र नाई. त्याले सांगून राह्यलो का पडला म्हणून कोणी तुले मारत नाई."

मला तेव्हा ते खुळचट वाटलं. पण बैल उठला आणि सरळ चालला.

तिथून पुढे सगळा जिल्हा आपण दोघांनी पायाखाली घातला. मी बैलांचा हेडी झालो, जोड्या घ्यायच्या नि विकायच्या, आणि तू माझ्या प्रत्येक जोडीची पत्री मारायचास. गिरडच्या टेकडीखालून जोड्या हाकत आणताना दर्ग्याच्या पायथ्याशी शिदोरी सोडायचो, तळेगावच्या बाजारात एकाच चटईवर पडायचो. माझ्या तोंडाच्या फटकळपणामुळे तुला तीनदा मार खावा लागता लागता राहिला. मी भांडण काढायचो आणि तू मधे उभा राहून समोरच्याला म्हणायचास, "जाऊ द्या मालक, याच्या घरी मिरची जास्त पिकते."

*

आपल्या बाजारातला सौदा तोंडानं होत नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. दुपट्ट्याखाली दोघांचे उजवे हात. कोणतं बोट धरलं, किती बोटं दाबली, यावर भाव ठरतो. भोवती वीस माणसं उभी असली तरी कोणाला काही दिसत नाही. चेहरा दगडाचा ठेवायचा. हात थंड ठेवायचा. आपली गरज आपल्या बोटातून समोरच्याला कळली की आपण संपलो. हे मी शिकलो, कोणी शिकवलं नाही, आणि यावरच मी दुमजली घर बांधलं.

म्हणून तुझ्या नाताळाशी माझं पहिल्या वर्षापासून वाकडं होतं.

तुमची सात घरं. प्रार्थनाघर म्हणजे कुडाच्या दोन आणि विटांच्या दोन भिंती. बाहुली ठेवून भागलं असतं, पण तुमची रीत वेगळी. त्या सालात गावात जन्मलेलं सगळ्यांत लहान लेकरू गव्हाणीत ठेवायचं. मग ते कोणाच्या का घरचं असेना. एका वर्षी गोंड वस्तीतलं, एका वर्षी पाटलाच्या नातवाचं, एका वर्षी कापूस वेचायला आलेल्या बाईचं. आणि ते लेकरू दारापासून गव्हाणीपर्यंत हातोहात जायचं. जेवढी माणसं तेवढे हात. कोणी मागे सरायचं नाही. शेवटचा माणूस ते गव्हाणीत ठेवायचा, आणि तो शेवटचा माणूस म्हणजे कायम तू.

पहिल्यांदा ते पाहून मी तुला बाहेर आल्यावर विचारलं होतं, "अबे, देव यायचाच होता तर वाघावर बसून यावं, हत्तीवर यावं. हे काय? ज्याले आपली मान धरता येत नाई, ते लेकरू? सौद्यात अशी पडती बाजू आधी दाखवते का कोणी?"

तू विडी पेटवत होतास. म्हणालास, "तू बैल कसा घेते?"

"दात पाह्यतो. खूर पाह्यतो. चालवून पाह्यतो."

"हत्तीवर आला असता तर देवाचेही तू दातच पाह्यले असते. लेकराचे काय पाह्यशील? त्याले दातच नाई. त्याले उचलावंच लागते."

"आणि नाई उचललं कोणी तर?"

"तर पडून राह्यते. रडते. तेवढंच त्याच्या हाती आहे." मग धूर सोडून म्हणालास, "तेवढंच त्यानं स्वतःच्या हाती ठेवलं."

मला राग आला होता. मी म्हटलं, हा काही देव झाला नाही, हा घाट्याचा सौदा झाला. तू म्हणालास, "त्यानं सौदाच नाई केला लेका." हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! बैल पाडलेला असताना, चहाच्या टपरीवर, पावसात छपराखाली अडकलेलो असताना. मी पोळ्याला बैल पूजणारा माणूस, तुझा धर्म घ्यायचा माझा काही विचार नव्हता आणि तू कधी म्हटलंही नाहीस. पण तुझा हा एक मुद्दा माझ्या दातात कणसाच्या धाग्यासारखा अडकून राहिला.

गव्हाणीचं तर तुला आठवतच असेल. माझं बरं चाललं तसं मी प्रार्थनाघराला काहीतरी मोठं द्यायचं ठरवलं. वर्ध्याहून रंगवलेली, दिव्यांची माळ लावलेली, सिमेंटची गव्हाण आणतो म्हटलं. वर माझं नाव. तू म्हणालास, "ते राहू दे. तुह्या गोठ्यातली दे, मोहाच्या खोडाची."

"तिले बैलाची लाळ लागली आहे बे."

"म्हणूनच मागून राह्यलो."

तेव्हापासून दरवर्षी आदल्या दिवशी आपण दोघं ती जड गव्हाण उचलून बैलबंडीत टाकायचो. एक टोक तुझं, एक माझं. माझा बैल उपाशी राहायचा नाही, पण तेवढे दिवस जमिनीवर खायचा आणि माझ्याकडे रागानं पाहायचा. तू त्याची माफी मागायचास.

*

आता ते सांगतो ज्यासाठी मी तुझ्याशी दोन वर्षं बोललो नाही.

लकवा मला तुझ्याच चिंचेखाली मारला. दुपारची वेळ, बाजार उठत आलेला. मी तुला काहीतरी सांगत होतो आणि शब्द जिभेवर लोळायला लागले. उजवा हात कोणी कापून बाजूला ठेवल्यासारखा झाला. मी पडलो. तू माझ्या खांद्यावरचा दुपट्टा घेतलास, माझ्या डोळ्यांवर टाकलास आणि माझ्या कानाशी बसलास. काय म्हणालास ते मला माहीत होतं. मी ते हजार बैलांच्या वेळी ऐकलं होतं.

दवाखान्यातून आलो तेव्हा जीभ सुधारली होती, पाय सुधारला होता. उजवा हात दिसायला हात, पण त्यात जोर नाही. बोटं दाबायला गेलो तर पाण्यात दाबल्यासारखी. हेड्याचा उजवा हात गेला तर त्याच्याकडे राहतं काय? मी तुला शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. तू म्हणालास, "माह्या तोंडून जाणार नाई." मी हाताला पट्टी बांधली, बैलानं पाय दिला म्हणून सांगितलं, आणि डाव्या हातानं सौदे करायला लागलो. लोकांना अडचण व्हायची. त्यांचा उजवा, माझा डावा, दुपट्ट्याखाली उलटसुलट. पण निभत होतं. त्या आठ महिन्यांत माझ्या शर्टाची बटणं तू लावून द्यायचास, चिंचेमागे उभं राहून. एकदाही चेष्टा केली नाहीस. मी तेव्हा धन्यवाद म्हटलं नाही. आता म्हणतो.

मग तो नाताळ आला. मी दाराशी, मागे उभा होतो, पट्टीचा हात दुपट्ट्यात गुंडाळून. लेकरू हातोहात पुढे चाललं होतं. तू गव्हाणीपाशी उभा होतास. आणि अचानक तू मला नावानं हाक मारलीस. "केशव, पुढं ये. आज शेवटचा तू."

साऱ्या गावासमोर! बाजारातली निम्मी माणसं तिथं करंज्या खायला आलेली. गुलाबराव समोरच उभा, जो माझ्या प्रत्येक जोडीवर डोळा ठेवून असायचा. मी मान हलवून नाही म्हटलं. तू हसत राहिलास. कोणीतरी मला ढकललं. लेकरू माझ्यापर्यंत आलं. लेकरू एका हातानं घेता येत नाही, दानेल. मी दुपट्टा काढला. माझा उजवा हात त्याच्या मानेखाली थरथरत राहिला, साऱ्यांनी पाहिला, आणि लेकराचं डोकं माझ्या बोटांतून निसटायला लागलं. तुझा हात खाली होता. तो आधीपासून होता, हे मला नंतर समजलं. लेकरू पडलं नाही. पण माझं जे पडायचं ते पडलं.

बाहेर येऊन मी तुला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तू एवढंच म्हणालास, "मी तोंडानं काई नाई सांगतलं." मी म्हणालो, "लेकराच्या तोंडानं सांगतलं." ते आपलं शेवटचं बोलणं.

पुढच्या शुक्रवारी गुलाबरावनं दुपट्टा टाकला आणि त्याखाली मला डावा हात दिला. त्याच्या पुढच्यानं डावा. त्याच्याही पुढच्यानं डावा. महिनाभरात अख्खा बाजार माझ्याशी डाव्या हातानं सौदा करायला लागला. मला खात्री होती की तू एकेकाला जाऊन सांगितलंस, याला डावा द्या, बिचारा आहे. प्रत्येक डाव्या हाताबरोबर मला तुझी दया बोटांना लागायची. मी गुलाबरावच्या तोंडावर दुपट्टा फेकून मारला होता. तो उचलून, झटकून परत घेऊन आला.

त्यानंतर मी गव्हाण दिली नाही. तुम्ही संत्र्याच्या खोक्यात लेकरू ठेवलंत. शेवंता पाहून आली. म्हणाली, खोक्यात छान दिसत होतं. मला वाटलं होतं तू येशील मागायला. तू आला नाहीस. तेही मला लागलं.

आणि मग तुझं पोटाचं दुखणं. तू अंथरुणाला लागलास, आणि गावभर तुझीच चर्चा, की दानेल कसा हसत हसत सगळ्यांकडून करून घेतो. एकजण आंघोळ घालतो, दुसरा भरवतो, तिसरीकडून पाय चेपून घेतो. "मले उचला रे, मले ऊन पायजे," म्हणून हाका मारतो. मला ते ऐकवत नव्हतं. एवढी लाचारी एखाद्याला शोभते कशी, असं मी शेवंताला म्हणालो. ती भाकर थापायला लागली.

तू दोनदा निरोप पाठवलास. दोन्ही वेळा एकच. "केशवले सांगजो, मले उन्हात न्यायले माणूस कमी पडते. उचलायले ये म्हणा."

उचलायला! मला! मी म्हटलं, मरता मरता टोमणा मारतो आहे. अख्ख्या गावात एका हाताचा एकच माणूस, आणि उचलायला त्यालाच बोलावतो. दुसऱ्या निरोपानंतर मी तुझ्या कुंपणापर्यंत आलो होतो, हे तुला माहीत नाही. बाजेवर तू, भोवती चार माणसं, आणि तू कशावर तरी हसत होतास. खोकत खोकत हसत होतास. हाताची काडी झाली होती. मी कुंपणाच्या काट्याला धरून उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. मग परत फिरलो.

आठव्या दिवशी तू गेलास. मी माती टाकली ती डाव्या हातानं.

*

गव्हाण जड आहे. एकट्यानं उचलत नाही. ती कधीच एकट्यानं उचलली नाही.

हे वरचं वाक्य लिहिलं तेव्हा उजेड होता. शेवंता सांजवात लावून गेली. तुझे दोन्ही निरोप मी पुन्हा पुन्हा उलटून पाहतो आहे, बैलाचा खूर पाहावा तसे. तुला माहीत होतं की माझ्यानं तू उचलला जाणार नाहीस. माझ्या हाताला तुझ्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. मग तू उचलायला बोलावलं असशील, की येऊन "दानेल, माझ्यानं नाई होत" असं म्हणायला बोलावलं असशील? मी तसं म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला आता दिसतं. तू हाक मारली असतीस, "अरे, याच्यासंगं अजून एक जण या." तेवढंच.

हे मला तेव्हा का सुचलं नाही, याचा राग तुझ्यावर काढू शकत नाही, म्हणून इथंच थांबतो.

*

आज नाताळ झाला. दुपार आहे. ओट्यावर ऊन आहे. राहिलेलं लिहून टाकतो.

सकाळी लाल बैलापुढचा कडबा खाली ओतला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची माफी मागितली, तुझ्यासारखी. मग गव्हाणीचं एक टोक डाव्या हातानं उचललं. दुसरं जमिनीवरच. उजवा हात घालून पाहिला. नाही. वहिनींनी काल ज्या तऱ्हेनं मागितलं ते डोक्यात होतं. रस्त्यानं गुलाबराव चालला होता, धुतलेलं धोतर, प्रार्थनाघराकडेच. दोन वर्षांत मी त्याच्याशी सौद्यापलीकडे एक शब्द बोललो नव्हतो.

"गुलाब," मी हाक मारली. "हात लाव ना बावा. माह्यानं उचलत नाई."

तो आत आला. दुसऱ्या टोकाला वाकला. बंडीत टाकताना मी विचारून टाकलं, "डावा हात द्याले तुले दानेलनं सांगतलं होतं ना?"

"दानेलनं?" तो हसला. "त्याचा काय संबंध? माह्या बापाचा हात असाच गेलता. मले समजत नाई का?"

"मंग बाकीच्यायले तू सांगतलं."

"कोणाले सांगायचं होतं? अबे, तू आठ महिने पट्टी बांधून फिरला, बैलानं पाय देल्ला म्हणे. पाय देल्लेल्या हाताले दुखते केशव, त्यातून चहाचा कप नाई निसटत. साऱ्या बाजाराले माहीत होतं."

"मंग तवाच काऊन नाई देल्ला डावा हात?"

त्यानं गव्हाणीवरचा हात झटकला. "तू दाखवला नव्हता, म्हणून आमी पाह्यला नाई. त्या दिवशी लेकरू घेताना तू दाखवला. मंग देल्ला."

दानेल, मी बंडीच्या चाकाला टेकून उभा राहिलो. ज्या गुपितासाठी मी तुला दोन वर्षं दारात उभं केलं नाही, ते कोणापासून लपलेलंच नव्हतं. अख्खा बाजार ते माझ्यासाठी सांभाळत होता. मी लपवत होतो तोवर त्यांचे हातही बांधलेले होते. बंडी हाकायला गुलाबच बसला. वाटेत म्हणाला, "दुपट्टा मात्र जोरात मारला होता लेका तू," आणि आपलाच गाल चोळला.

प्रार्थनाघरात यंदा लेकरू वस्तीतल्या संगीताचं. अठ्ठावीस दिवसांची मुलगी. पाळकांनी येशूच्या जन्माची गोष्ट वाचली, ती मी तीस वर्षं ऐकतो आहे. उतारशाळेत जागा नव्हती, मेंढपाळ धावत आले. पण आज मला वेगळंच ऐकू आलं. त्या गोष्टीत सगळ्यांना काही ना काही करावं लागतं. कोणी वाट धरावी, कोणी जागा द्यावी, कोणी बाळ गुंडाळावं. एकटा देव काहीच करत नाही. तो फक्त आला आणि स्वतःला लोकांच्या हातात देऊन मोकळा झाला. मी याला घाट्याचा सौदा म्हणत होतो. आज वाटलं, असं यायला केवढी छाती लागत असेल! मला तर पट्टी सोडायची हिंमत झाली नव्हती.

लेकरू दारापासून निघालं. गव्हाणीपाशी तुझी जागा रिकामी होती. कोणी तिथं जाईना. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, तेवढं मला कळतं. मी गेलो. दुपट्टा खांद्यावरून काढला, नीट घडी केली आणि गव्हाणीतल्या नव्या कडब्यावर अंथरला. आता लपवायला काहीच उरलं नव्हतं. लेकरू जवळ आलं, आणि मी ते म्हटलं, जे तुझ्या कुंपणाशी म्हणायचं होतं. मोठ्यानं म्हटलं.

"माह्या उजव्या हातात जोर नाई. खालून कोणी हात लावा."

किती हात आले, दानेल! गुलाबचा डावा. वहिनींचे दोन्ही. संगीताचा. एका लहानग्या पोरीचा, जो नुसता माझ्या कोपरापर्यंतच पोचत होता. त्या सगळ्या हातांवर माझा हात आणि माझ्या हातावर ती मुलगी. तिनं माझं उजवं, मेलेलं बोट मुठीत धरलं. मला ते जाणवलं नाही, मी खोटं सांगत नाही. दिसलं मात्र. गुलाब कानाशी म्हणाला, "घे, भाव ठरला." सगळे हसले. मीही हसलो. ती रडली. मग तुझ्या जागेवर उभं राहून आम्ही तिला गव्हाणीत ठेवलं.

गव्हाण दोन दिवस तिथंच राहील. परत आणायला गुलाब येतो म्हणाला आहे.

आता भांडण मिटलं असं समजू नकोस. त्या दिवशी हाक मारायच्या आधी तू मला एकदा विचारायला हवं होतंस. बाजूला घेऊन, चिंचेमागे, बटणं लावता लावता. मी नाही म्हणालो असतो हे खरं. तरीही विचारायला हवं होतंस. हे मी अजूनही म्हणतो आणि म्हणत राहीन.

फक्त हे मला तुला उन्हात उचलून नेताना सांगायचं होतं. बाजेचं एक टोक गुलाबचं, एक माझं.